हट्टी ठरवलेली मुले आणि एकट्या पडलेल्या आया

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वेतन, बोनस, घरे, रेशन हे विषय अभ्यासवर्गात वारंवार येतात आणि ते यायलाच हवेत. परंतु ज्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आईवर हात उगारतो, जेवणाचे ताट भिरकावतो, रात्र रात्र झोपत नाही आणि ज्याची शाळा आठवी-नववीत केव्हा सुटली हे कोणालाच नेमके सांगता येत नाही, त्या घराचा प्रश्न अभ्यासवर्गात येत नाही. तो शेजारपाजारच्या कुजबुजीत येतो, घरमालकाच्या नोटिशीत येतो आणि क्वचित पोलीस चौकीत येतो. खाजगी म्हणून बाजूला टाकलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्न खरोखर खाजगी असतात, हा विचार ज्यांनी स्त्रियांच्या आणि दलितांच्या चळवळींपासून शिकून घेतला आहे, त्यांना या घराच्या दाराशी थांबून पुढे जाता येणार नाही.

इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे गाव डोळ्यांसमोर आणावे. बाप बारा तासांच्या पाळीत माग चालवतो, आई कांड्या भरते. दोन खोल्यांचे घर, भिंतीपलीकडे खडखडणारे माग. मुलगा लहानपणी उशिरा बोलू लागला, पण बोलू लागला. गाड्यांचे नंबर, एस.टी.चे वेळापत्रक तोंडपाठ. वर्गातल्या मुलांशी मात्र जमले नाही. चौथीपर्यंत एका समजूतदार बाईंनी त्याला सांभाळून घेतले. पुढे शाळा बदलली, विषय वाढले, वर्गात साठ मुले झाली, चिडवणे सुरू झाले, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी शरीर बदलू लागताच सगळा तोल गेला. आता त्याला घरात 'वाया गेलेला', शाळेत 'उद्धट' आणि गल्लीत 'येडा' म्हणतात. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द त्या घरात अद्याप कोणी उच्चारलेला नाही. हे चित्र कोण्या एका घराचे नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार सर्वांनी करायचा आहे.

स्वमग्नता म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात. ती मेंदूच्या घडणीतली जन्मजात तफावत आहे. इतरांशी संवाद साधणे, चेहऱ्यावरचे आणि आवाजातले भाव ओळखणे, न बोललेले समजून घेणे या गोष्टी अशा व्यक्तीला इतरांसारख्या सहज येत नाहीत. ठरावीक क्रमाची तिला ओढ असते. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा तिला अतोनात त्रास होतो किंवा अतोनात ओढ लागते. काहींना बोलता येत नाही, काही अस्खलित बोलतात; काहींची बुद्धी मंद असते, काहींची तल्लख. म्हणून २०१३ सालापासून अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात या साऱ्यांना एकाच विस्तृत पट्ट्यात मोजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. मग एखाद्या मोठ्या कामगार वस्तीत अशी माणसे किती असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आपल्या सरकारजवळ तो नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाच्या तक्त्यात स्वमग्नतेला स्वतंत्र रकानाच नव्हता.

या विषयाचा इतिहास कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे, कारण दोष कोणाच्या माथी मारायचा याचे राजकारण त्यात स्पष्ट दिसते. १९४३ साली बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरने अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्याच्याही आधी, १९२५-२६ च्या सुमारास, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर स्त्रीने अशाच मुलांचे बारकाईने वर्णन केले होते. परंतु ते पश्चिमेत फार काळ कोणाच्या गावी नव्हते. कॅनरकडे आलेल्या मुलांचे आईबाप बहुतेक प्राध्यापक, डॉक्टर, वकील असे होते, आणि ते त्याला भावनाशून्य वाटले. तेवढ्यावरून 'बर्फासारख्या थंड आईमुळे मूल स्वमग्न होते' हा सिद्धांत उभा राहिला. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइमने १९६७ च्या पुस्तकात तो टोकाला नेला. हा गृहस्थ स्वतः नाझींच्या छळछावणीतून वाचलेला. त्याने त्या छावणीतले कैदी आणि ही मुले यांची तुलना केली. या तुलनेत आईच्या वाट्याला कोणती भूमिका आली, हे वेगळे सांगायला नको.

ते खोडून काढले ते प्रामुख्याने पालकांनी. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी आपली संघटना उभारली. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या पित्याने १९६४ साली पुस्तक लिहून कारण जैविक आहे असे मांडले. १९६९ साली कॅनरने पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा भक्कम पुरावा पुढे आला. राहिला प्रश्न सुशिक्षित आईबापांचा. लोर्ना विंग ही डॉक्टर, आणि एका स्वमग्न मुलीची आई, तिने दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातली मुले दवाखान्यात यायची वाट न पाहता स्वतः शोधून तपासली. तेव्हा दिसले की स्वमग्नता सर्व वर्गांत आहे. प्राध्यापकाचे मूल बड्या डॉक्टरपर्यंत पोचते आणि मजुराचे पोचत नाही, एवढाच काय तो भेद. १९८० साली तिने हा निष्कर्ष स्वतंत्र लेखात मांडला. ज्याच्यापाशी पैसा त्याचे दुखणे नोंदीत येते आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे दुखणे 'वळण नसण्या'त जमा होते, हे सत्य वैद्यकशास्त्राला इतक्या उशिरा गवसावे याचे नवल वाटत नाही.

पण महाराष्ट्रात तो थंड आईचा सिद्धांत अजून मेलेला नाही. त्याने फक्त लुगडे बदलले आहे. 'आईने लाडावून ठेवला', 'नोकरीला जाते ना, मग पोराकडे लक्ष कोण देणार', 'दोन ठेवून दिल्या असत्या तर सरळ झाला असता', हे उद्गार सासूच्या, मुख्याध्यापकाच्या आणि पुष्कळदा पुरोगामी म्हणवणाऱ्या पुरुषाच्या तोंडीही ऐकू येतात. बापाला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आता प्रत्यक्ष वर्तनाकडे वळावे. मारणे, फोडणे, ओरडणे, स्वतःला चावणे या गोष्टींना कारण असते. ते कारण मुलाला सांगता येत नाही, म्हणून ते वर्तनातून बाहेर पडते. हट्ट आणि उद्रेक यांत फरक आहे. हट्ट करणाऱ्या मुलाचा एक डोळा आईकडे असतो आणि हवी ती वस्तू मिळाली की हट्ट थांबतो. उद्रेक झालेल्या मुलाला हवी ती वस्तू दिली तरी तो थांबत नाही. बांध फुटलेला असतो, पाणी ओसरावे लागते. तेव्हा मारणे निरुपयोगी आणि उपदेशही निरुपयोगी. बोलणे कमी करावे, आवाज खाली आणावा, धाकट्या भावंडांना बाहेर न्यावे, विळी-सुरी उचलून ठेवावी, दिवा मंद करावा, त्याला कोपऱ्यात कोंडू नये आणि जीवाला धोका नसेल तर पकडू नये. हे सांगणे सोपे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत धाकट्यांना न्यायचे कोठे, हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नसतो.

खरे काम उद्रेक शांत झाल्यावरचे आहे. एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाले. दोन-तीन आठवडे ही वही नीट ठेवली तर पुष्कळदा धागा हाती लागतो. भिंतीपलीकडचे माग सुरू होण्याची वेळ आणि उद्रेकाची वेळ एकच आहे, असे ध्यानात येते. किंवा गणिताचा गृहपाठ काढला की तो वही फाडतो आणि वही फाडली की गृहपाठ टळतो, हे दिसते. किंवा वहीत काहीच संगती लागत नाही. अशा वेळी दुखणे शोधावे. किडलेली दाढ, फुटलेला कान, बद्धकोष्ठ, या सामान्य गोष्टींनी न सांगता येणाऱ्या मुलाला पिसाट करून सोडल्याची उदाहरणे डॉक्टरांना ठाऊक असतात. स्वमग्न मुलांत अपस्माराचे म्हणजे फिट्सचे प्रमाण अधिक असते आणि किशोरवयात ते नव्याने सुरू होऊ शकतात. तेव्हा वागणे एकाएकी बिघडले तर आधी डॉक्टर, मग उपदेश.

भाषेचाही विचार करावा लागतो, आणि आपली मराठी या बाबतीत मोठी अवघड भाषा आहे. आपले घरगुती बोलणे टोमण्यांवर चालते. 'फोड, अजून एक कप फोड!' असे आई संतापाने म्हणते. स्वमग्न मुलगा दुसरा कप फोडतो आणि मार खातो. त्याने आज्ञा पाळलेली असते. 'पाच मिनिटांत आलेच' म्हणणारी मावशी तासाने येते. सगळ्या घराला त्या पाच मिनिटांचा अर्थ ठाऊक असतो, त्याला नसतो, आणि सहाव्या मिनिटाला तो दार आपटू लागतो. म्हणून थोडके, सरळ आणि खरे बोलावे. एका वेळी एक सूचना द्यावी. दिवसाचा क्रम भिंतीवर लिहून किंवा चित्रे काढून लावावा, आणि क्रम बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. याला पैसा लागत नाही. खडू आणि पाटी पुरते. संशय असला आणि निदान व्हायचे असले तरी हे आजच सुरू करता येते. मूल स्वमग्न नाही असे उद्या ठरले, तरी खरे बोलल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

वयात येणे हा याच विषयाचा भाग आहे आणि त्याबद्दलचा संकोच या घरांना महागात पडतो. शरीरात काय बदलते आहे हे या मुलाला मित्रांकडून कळत नाही, कारण त्याला मित्र नसतात. जे खाजगीत करायचे ते चारचौघांत करू नये, हे त्याला कोणी स्पष्ट शब्दांत सांगितलेले नसते. मग एक दिवस गल्लीत बोभाटा होतो आणि आजारी मुलाचा गुन्हेगार बनतो. मुलींची कथा आणखी निराळी. त्या इतरांची नक्कल करून आपली अडचण झाकतात, शांत बसतात, आणि 'मुलगी शांतच असायची' म्हणून कोणाला संशय येत नाही. मासिक पाळी सुरू झाल्यावर, किंवा स्थळे पाहू लागल्यावर, घराला जाग येते. लग्न केले की सुधारेल, हा सल्ला मुलगा आणि मुलगी दोघांच्या बाबतीत दिला जातो. त्यातून एका दुःखी घराची दोन दुःखी घरे होतात.

औषधांविषयी दोन शब्द. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. तीव्र चिडचिड आणि मारहाण आटोक्यात आणण्यासाठी रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल यांसारखी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. अमेरिकेत त्यांना या कारणासाठी अनुक्रमे २००६ आणि २००९ साली मान्यता मिळाली. त्यांनी काही मुलांना आणि त्यांच्या घरांना श्वास घेता येतो, हे नाकारू नये. पण त्यांनी वजन वाढते, सुस्ती येते. म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखाली आणि वेळोवेळी फेरविचार करून घ्यायची असतात. मुलाला गुंगीत ठेवून घर शांत करणे म्हणजे उपचार नव्हे.

जेथे डॉक्टर नाही तेथे भगत असतो. अंगारे-धुपारे, दोरे, उतारे यांत कांड्या भरून साठवलेला पैसा जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणे, मारणे, चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अठरा वर्षे झगडून त्याच वर्षी प्राण गमावला, त्याचा उपयोग अशा मुलाच्या रक्षणासाठी करणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. भगताचा एक भाऊबंद शहरात वातानुकूलित खोलीत बसतो. तो स्टेम सेलची इंजेक्शने लाखो रुपयांना विकतो. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ साली स्पष्ट केले आहे. लस टोचल्याने ऑटिझम होतो, ही अफवा ज्या १९९८ च्या निबंधातून निघाली तो निबंध खुद्द 'लॅन्सेट' नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तरीही वस्तीतल्या मोबाइलवर ती अफवा फिरत राहते.

कायद्यांची स्थिती पाहावी. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले, त्यांत ती आहे. या कायद्याप्रमाणे ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी व्हायची आहे आणि तीत स्वमग्नतेचा उल्लेख आहे. कागद उत्तम आहे. पण ज्याचे नाव शाळेच्या पटावर नाही, त्याला शाळेत येणारे तपासणी पथक गाठणार कसे?

प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरतात तिच्यात चाळीस प्रश्न आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि सत्तरच्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असे धरतात. जो मुलगा तासभर नीट बोलतो, नंबर पाठ म्हणून दाखवतो आणि घरी आल्यावर दार फोडतो, त्याचे खरे दुःख त्या तासाभरात दिसेलच असे नाही. म्हणून आईने ती तीन रकान्यांची वही बरोबर न्यावी आणि तिच्याबरोबर कोणीतरी जाणते माणूस जावे. कोल्हापूरला किंवा मुंबईला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि प्रमाणपत्र एका खेपेत हाती पडत नाही. व्यवसायोपचार, वाचोपचार हे तर बहुतेक शहरांत खाजगी तासांच्या हिशेबाने विकत घ्यावे लागतात, आणि एका तासाची फी पुष्कळदा कामगाराच्या दिवसाच्या मजुरीशी स्पर्धा करते.

या सगळ्याचा भार आई उचलते. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा आहे. अपंग मुलाच्या आईला अशी रजा नाकारण्याच्या एका राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये राज्य सरकारला आपल्या नियमांचा पुनर्विचार करायला सांगितले आणि स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही मेहेरबानी नाही असे बजावले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण कांड्या भरणारीला, विडी वळणारीला, धुणीभांडी करणारीला रजाच नसते, तर तिचा पुनर्विचार कोण करणार? तिचे काम सुटते आणि घराचे उत्पन्न ज्या वर्षी सर्वांत जास्त हवे त्याच वर्षी निम्मे होते. २०१६ च्या कायद्यात तीव्र गरज असलेल्यांच्या सांभाळकर्त्यासाठी भत्त्याची तरतूद आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत अशा सांभाळकर्त्यांना महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम हास्यास्पद आहे, तत्त्व हास्यास्पद नाही: घरात केलेला सांभाळ हे काम आहे आणि कामाला मोबदला असतो. महाराष्ट्रातल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात हे कलम शोधूनही सापडणे कठीण आहे. कामगार कल्याण मंडळांकडे जी मागणी जाते तीत शिष्यवृत्ती असते, चष्मा असतो. शाळेबाहेर पडलेला हा मुलगा नसतो.

वस्तीत करण्याजोगी कामे लहान आहेत आणि त्यांना ठराव लागत नाहीत. आठवड्यातून दोन दुपारी दोन तास त्या मुलाजवळ बसणारे माणूस मिळाले तर आई झोपू शकते. या घरांना पहिली गरज झोपेची असते. शाळेत जाऊन मुख्याध्यापकाशी बोलायला आई एकटी गेली तर तिला बाकावर बसवून ठेवतात, चार जण गेले तर खुर्ची मिळते. गणपतीत मंडळाच्या भिंतींसारख्या उंच ध्वनिक्षेपकांचे तोंड कोणत्या घराकडे करायचे, हे कार्यकर्तेच ठरवतात. आणि केवळ गणपतीच कशाला, जाहीर सभेचा कर्णाही ज्या खांबाला बांधला जातो त्याच्या शेजारी कोण राहते, हे बांधण्याआधी विचारता येते.

आणखी एक गोष्ट लांबणीवर टाकता येत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होतो, आणि त्याचे बँकेचे खाते, वारसाहक्काची खोली, दवाखान्यातली संमती यांवर आईबापांची सही आपोआप चालत नाही. मोठा भाऊ खोली विकून मोकळा झाला तर विचारणारे कोणी नसते. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तीत एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. ज्याला स्वतःचे निर्णय एकट्याने घेणे शक्य नाही त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज या समितीकडे करायचा असतो, आणि पालकाला मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो. ज्याला निर्णय घेता येतात त्याच्यावर पालक लादू नये, हेही तितकेच खरे. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात उपचारांच्या तासांचाही काही खर्च धरला जातो. अर्जाबरोबर अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणजे पुन्हा कोल्हापूरची खेप, आणि पुन्हा कोणीतरी बरोबर जायचे.